दुसरा डंख

मधमाशी चावली तर तुम्ही काय करता? नांगी काढता, त्या जागेवर लोखंड घासता किंवा चुना लावता. थोडी सूज येते, आग होते आणि दोन दिवसांत सारे विसरून जाता. पण एखाद्याचा मात्र त्याच डंखाने काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. नवल म्हणजे आधीच्या डंखाने त्याला विशेष काही झालेले नसते!

हे नवल शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांमध्ये पाहिले. समुद्रफूल नावाच्या प्राण्याचे थोडे विष त्यांनी कुत्र्याला टोचले. कुत्रा जगला. काही आठवड्यांनी पुन्हा थोडेसेच विष टोचले, तर तो लगेच मेला. पहिल्या वेळी शरीराने विषाची ओळख करून घेतली होती. दुसऱ्या वेळी त्याने विषाविरुद्ध एवढा जोर केला, की त्या जोरानेच घात झाला. १९०२ साली त्यांनी याला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हे नाव दिले. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शेंगदाणे, कोळंबी, अंडे किंवा पेनिसिलिन यांनीही काहींना असे होते. अंगावर पित्त उठते, जीभ सुजते, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरून चक्कर येते. नुसते पित्त असेल तर काही जण आमसुलाचे पाणी लावतात. श्वास कोंडला किंवा चक्कर आली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

यावरचे खरे औषध अ‍ॅड्रिनॅलिन. ते आपल्या शरीरातही तयार होते. कुत्रा अंगावर धावून आला की छाती धडधडते ना, ती त्यामुळेच! पण अशा वेळी अंगातले पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत त्याचे इंजेक्शन देतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम पुरते. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतात, श्वासनलिका मोकळ्या होतात. पाच मिनिटांत उतार पडला नाही, तर पुन्हा देतात. अ‍ॅलर्जीच्या गोळीने खाज थांबते, पण कोंडलेला श्वास मोकळा होत नाही. म्हणून गोळी देऊन वाट पाहत बसणे धोक्याचे.

इंजेक्शन डॉक्टर देतील. तोपर्यंत तुम्ही १०८ क्रमांकावर फोन करा. रोग्याला आडवे करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभे करू नका, चालवू नका. रक्त पायांकडे उतरून हृदयाला कमी पडते. काय चावले, काय खाल्ले, ते डॉक्टरांना सांगा. आणि बरे वाटले तरी रोग्याला लगेच घरी आणू नका. काही तासांनी तोच त्रास पुन्हा उसळू शकतो.