‘मराठी’ला कॉम्प्युटर म्हणायचा ई-जे-के-बी-एच!

खिशातला मोबाइल काढा. साधाच, १२८ जीबीवाला. आता समजा, त्यात मावतं तेवढं सगळं जुन्या साडेतीन इंची फ्लॉपीत भरायचं ठरवलं, तर किती फ्लॉप्या लागतील? एका फ्लॉपीत मावतं १.४४ एमबी. म्हणजे जवळपास ८९ हजार फ्लॉप्या! एकावर एक रचल्या तर थप्पी २९० मीटरच्या वर जाते. चार कुतुबमिनार एकमेकांच्या डोक्यावर उभे केल्यासारखी.

जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की असे आकडे निघतातच. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ आणि सगळ्यात साध्या मॉडेलची मेमरी फक्त १६ केबी. १९८३ मध्ये त्याच कंपनीचा पीसी-एक्सटी आला, १० एमबीच्या हार्डडिस्कसह. (आपल्या शेगावचं इंजिनीअरिंग कॉलेजही त्याच वर्षी सुरू झालं.) आज १० एमबीत गाण्याचा एक व्हिडिओसुद्धा धड बसत नाही.

मग चपला बाहेर काढून एसी लॅबमध्ये जाणं, काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं, प्लास्टिकचं कव्हर, लोडशेडिंग आणि सेव्ह न केलेली फाइल. हे सगळं आपण दादा-ताईंकडून शंभरदा ऐकलंय. त्यातल्या अनेकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये.

पण वेग आणि मेमरी सोडा. मला विचाराल, तर जुन्या आणि आजच्या कॉम्प्युटरमधला सगळ्यात मोठा फरक आपल्याकडे कोणी सांगतच नाही. जुन्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं.

‘पण तेव्हाही मराठी लग्नपत्रिका कॉम्प्युटरवरच व्हायच्या की!’ बरोबर. फक्त ती मराठी वेशांतर केलेली इंग्रजी होती.

झालं असं की, अक्षरं साठवायला त्या काळी जेमतेम २५६ जागा असायच्या. त्यातल्या निम्म्या इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हांनी आधीच अडवलेल्या. यावर सरकारी पातळीवर एक चांगला उपाय निघाला होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान. त्याचं कार्ड पीसीच्या आत बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. सी-डॅकचे संस्थापक संचालक विजय भटकर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. परम सुपरकॉम्प्युटरमुळे त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण जिस्टचं नाव काढलं की आपल्या पिढीतली दहापैकी नऊ पोरं ‘काय?’ म्हणतील.

छपाईच्या धंद्याने मात्र वेगळी वाट धरली. फॉन्टची. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र काढून ठेवायचं, बस. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ असं टाइप करायचं तर ‘म’साठी ई, ‘र’साठी जे, कान्यासाठी के, ‘ठ’साठी कॅपिटल बी आणि दुसऱ्या वेलांटीसाठी एच. पडद्यावर दिसतंय ‘मराठी’. कॉम्प्युटरच्या डोक्यात आहे ई-जे-के-बी-एच. त्याला बिचाऱ्याला पत्ताच नाही की आपण मराठी लिहितोय.

यातून भलत्याच भानगडी व्हायच्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून टाइपही आधीच व्हायची, जुन्या टाइपरायटरसारखी. ‘किरण’मध्ये आधी वेलांटी, मग क. वर्गातल्या मुलांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली की कॉम्प्युटर ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावणार. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. श्रीलिपीची एक, आकृतीची दुसरी, कृतिदेवची तिसरी. चिखलीत टाइप केलेली फाइल नागपूरच्या प्रेसला द्यायची, तर तोच फॉन्ट तिकडेही पाहिजे. नाहीतर तिकडे निव्वळ कचरा उघडायचा.

यावरचा इलाज म्हणजे युनिकोड. प्रत्येक अक्षराला जगभर एकच नंबर. ऑक्टोबर १९९१ मधल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण कागदावरचा नियम टेबलावरच्या डब्यात यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. एक्सपीमध्ये सेटिंगमध्ये जाऊन टिक करावी लागायची आणि मग तो विंडोजची सीडी मागायचा. गावोगावचे डीटीपीवाले तर पेजमेकरवर काम करायचे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आणि युनिकोडशी त्याचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्यामुळे जुने फॉन्ट चालूच राहिले. काही दुकानांत ते आजही चालतात.

मग बिघडलं कुठे? ते मला मागच्या महिन्यात कळलं. एका कॉलेजच्या लायब्ररीत १९९९ च्या वार्षिक अंकाची सीडी मिळाली. छापील प्रत वाळवीने खाल्लेली, मधली पानं गायब. म्हटलं, सीडी आहे ना, काय टेन्शन! माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, तो मित्राकडून आणला. पेजमेकरची फाइल उघडेना. कविता वेगळ्या फाइलमध्ये होत्या, त्या उघडल्या. पण कवितेच्या जागी कॉमा, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा काला.

विचार करा. १९७५ चा अंक खिळे जुळवून छापलेला. तो आजही कपाटातून काढून वाचता येतो, फोटो काढून मोबाइलवर पाठवता येतो. १९९९ चा अंक कॉम्प्युटरवर झाला आणि तोच वाचता येत नाही. गावाच्या इतिहासाच्या पुस्तिका, संमेलनाच्या स्मरणिका, मराठीतले प्रबंध... त्या वीसेक वर्षांतलं कितीतरी असंच कुठल्यातरी सीडीत पडलेलं असणार.

शेवटी खामगावात एका डीटीपीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी एक जुना पेंटियम-४ फक्त अशाच कामांसाठी जिवंत ठेवलाय. एक्सपी, पेजमेकर आणि मागे प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं फॉन्टचं हार्डवेअर लॉक. ते लॉक नसेल तर सॉफ्टवेअर चालतच नाही, आणि आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. चालू व्हायला त्या डब्याने चार मिनिटं घेतली. पण अंक उघडला. चक्क मराठीत!

आता गंमत बघा. आज आपल्या मोबाइलला मराठी येते. बोललं तरी टाइप करतो. आणि आपण ग्रुपवर लिहितो काय, तर ‘काय करून राह्यला बे’ हे इंग्रजी अक्षरांत! तेव्हाच्या माणसाने नाइलाज म्हणून इंग्रजीला मराठीचा मुखवटा चढवला. आपण मराठी येणाऱ्या यंत्रासमोर बसून उलटं करतोय. (मीपण करतो. देवनागरीत ‘राह्यला’ लिहिलं की फोन खाली लाल रेघ मारतो, त्याला अजून वऱ्हाडी येत नाही.)

तुमच्या कॉलेजातही अशा सीड्या असतील तर एवढं करा. आधी फाइल कोणत्या फॉन्टमधली ते शोधा. डीटीपीवाले नुसत्या कचऱ्यावरूनसुद्धा ओळखतात. मग त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. बरेच ऑनलाइन फुकट मिळतात. पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं तुटतात, ‘ष’चं पोट गायब होतं. छापील पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. जिथे छापील पान वाळवीने खाल्लंय, तिथे काकांच्या पडद्यावर बघून.

आमची ११ पानं झालीत. अंक ९६ पानांचा आहे आणि काकांनी रविवारी दुपारी चारनंतर यायला सांगितलंय.