प्राणवायूचे माप

गर्भाशयातील बाळाचे फुप्फुस द्रवाने भरलेले असते आणि त्याच्या रक्तातील प्राणवायूचा दाब प्रौढाच्या मानाने जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळालाही पहिला श्वास हा मोठा आघातच असतो, मात्र त्याची तयारी झालेली असते. प्राणवायूपासून ऊर्जा मिळवताना पेशींत मुक्त मूलके, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असल्यामुळे शेजारच्या रेणूंची मोडतोड करणारे कण, निर्माण होतात आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज यांसारखी विकरे त्यांना निकामी करतात. ही विकरे फुप्फुसात वाढतात ती गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत, म्हणून अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले मूल हा बंदोबस्त होण्यापूर्वीच हवेत येते. मूलकांचा मारा आणि त्यांना आवरणारी शक्ती यांतील या तफावतीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात.

हे ज्ञान सरळ वाटेने आले नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेत काचपेटीतील अपुऱ्या दिवसांच्या मुलांना मुक्तहस्ते प्राणवायू दिला जाई आणि त्यांपैकी अनेकांची दृष्टी जाई. 1951 मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी या दोहोंचा संबंध दाखवला, तर 1954 मध्ये रेबेका गर्शमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा मुक्त मूलकांमुळे एकाच रीतीने होते, असे मांडले. फुप्फुसाच्या वायुकोशांना मिटू न देणाऱ्या सर्फॅक्टंट या स्निग्ध आवरणाचा अभाव हेच या मुलांच्या श्वसनसंकटाचे मूळ आहे, हे 1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले. पुढे व्हेंटिलेटरमुळे मुले जगू लागली, आणि 1967 मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम नॉर्थवे यांनी अशाच वाचलेल्या मुलांच्या फुप्फुसांतील व्रण व सूज यांचे वर्णन ‘ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेजिया’ या नावाने केले. रोग उपचाराच्या पाठोपाठ जन्माला आला होता.

एवढे कळल्यावर मूलके आवरणारे विकरच बाहेरून द्यावे, हा तर्क सुचणे साहजिक होते. परंतु सुपरऑक्साइड डिसम्युटेज श्वासनलिकेतून देणाऱ्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा आजार कमी झाला नाही, फक्त वर्षभराच्या वयात घरघर व दम्यासारखा त्रास कमी आढळला. त्याउलट कॅफीनसारख्या साध्या औषधाने 2006 च्या चाचणीत या आजाराचे प्रमाण सुमारे 47 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर आणले, बहुधा श्वासाला चालना देऊन व्हेंटिलेटरचा काळ घटवल्यामुळे. रासायनिक प्रतिकारापेक्षा इजाच टाळणे अधिक फळले, असेच म्हणावे लागेल.

या इतिहासात भारताचा वाटा दुय्यम नाही. गुदमरलेल्या नवजात बालकाला शुद्ध प्राणवायूऐवजी साध्या हवेने श्वास देता येतो, हे दिल्लीत सिद्धार्थ रामजी यांनी नॉर्वेच्या ओला सॉगस्टॅड यांच्यासह 1993 मध्ये दाखवले. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. तिचा हेतू प्रामुख्याने संसर्ग व कुपोषण टाळण्याचा होता, पण आईच्या दुधातील अँटिऑक्सिडंट घटक आणि दुधावरील मुलांत फुप्फुसाच्या या आजाराचे कमी प्रमाण नंतरच्या अभ्यासांनी नोंदवले. पाश्चरीकरणात यांतील काही घटक घटतात, म्हणून स्वतःच्या आईचे ताजे दूध प्रथम, हा क्रम राहतो.

प्राणवायू किती, हा वाद मात्र 2010 च्या अमेरिकी चाचणीनेही मिटला नाही: रक्तातील संपृक्तता 85 ते 89 टक्के ठेवली तेव्हा डोळ्यांचा आजार घटला, पण मृत्यू वाढले, त्यामुळे बहुतेक ठिकाणी आता 90 ते 95 हा पट्टा पाळला जातो. तो पाळायचा तर पल्स ऑक्सिमीटरबरोबर हवा व प्राणवायू ठरावीक प्रमाणात मिसळणारा ब्लेंडरही लागतो. पाण्यात बुडवलेल्या नळीतून बुडबुडे काढून फुप्फुसे उघडी ठेवणारा ‘बबल सीपॅप’ स्वस्तात उभारता येतो, परंतु ब्लेंडर नसेल तर त्याच नळीतून निव्वळ प्राणवायू जातो.

ठाण्यातील कोलशेतसारख्या वस्तीतील कुटुंबाला सरकारी उपचारांसाठी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे जाता येते, परंतु बाळ घरी आल्यावर फुप्फुसाची वाढ काही वर्षे चालूच राहते आणि त्या काळात धूर व बारीक धूळकण हेही मूलकांचेच पुरवठादार ठरतात. कोलशेतमध्ये सँडोझचा, पुढे क्लॅरियंटचा रसायन कारखाना जिथे होता, तिथे आज निवासी मनोरे उभे आहेत. कारखान्याची चिमणी गेली, तरी बांधकामाची धूळ आणि घोडबंदर रस्त्यावरच्या अवजड वाहनांचा धूर यांच्यातूनच ते बाळ श्वास घेते.