नर माशाच्या रक्तातला बलक

पावसाळ्याच्या तोंडावर माजलगाव धरणातली रोहूची मादी कापली, की पोटातून ओंजळभर गाभोळी निघते. त्या इवल्याशा दाण्यांत पिवळा बलक ठासून भरलेला असतो. हा बलक बनतो कुठे? अंडाशयात, असंच वाटतं ना? पण त्याचा कच्चा माल बनतो यकृतात! अंडाशयातून इस्ट्रोजेन हे हार्मोन सुटतं, रक्तावाटे यकृताला सांगावा पोचतो, आणि यकृत व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन बनवून अंड्यांकडे धाडतं.

आता गंमत बघा. यकृत नरालाही असतं. बलकाची पाककृती त्याच्याही जनुकांत जशीच्या तशी असते. त्याला तेवढा सांगावा येत नाही, म्हणून ती जन्मभर पडून राहते. मग एखाद्या नराच्या रक्तात हेच प्रथिन भरपूर सापडलं तर? तर सांगावा पाण्यातून आला!

ब्रिटनमध्ये हेच घडलं. सांडपाणी नदीत पडतं त्या तोंडाशी पिंजऱ्यात ट्राउट मासे ठेवले, तर नरांच्या रक्तातही हे प्रथिन भराभरा वाढलं. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. कारखान्यातलं एखादं भयंकर रसायन असेल, असं कुणालाही वाटेल. १९९८ मध्ये उलगडा झाला. बहुतेक सांडपाण्यांत मुख्य वाटा होता माणसाच्या लघवीतून आलेल्या हार्मोन्सचा. काही ठिकाणी गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोनही सापडलं. बाईच्या शरीरातलं इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन आणि रोहूच्या शरीरातलं इस्ट्राडायोल यांत एका अणूचाही फरक नाही! कोट्यवधी वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या, किल्ली तीच राहिली. कपाशीवर वर्षानुवर्षं फवारलेल्या एंडोसल्फानमध्येही, क्षीण का होईना, इस्ट्रोजेनची नक्कल करण्याची ताकद प्रयोगांत दिसली होती. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली.

आणि मात्रा किती लागते? कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या उन्हाळ्यांत एका आख्ख्या तळ्यात गोळीतलं हार्मोन लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम इतकंच राखलं. नरांच्या अंगात बलकाचं प्रथिन बनू लागलं, आणि फॅटहेड मिनो या छोट्या माशांची तिथली वस्ती जवळजवळ संपली. आपल्या हिशेबात सांगायचं, तर माजलगाव धरण काठोकाठ भरल्यावर सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी असतं. त्या सगळ्या पाण्यात लिटरला पाच नॅनोग्रॅम करायला सव्वादोन किलो हार्मोन पुरेल!

एवढं सूक्ष्म पकडायचं कसं? त्यासाठी झेब्रा मासा कामी येतो. करंगळीपेक्षाही लहान, अंगावर निळे पट्टे, आणि मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्यानाल्यांतला. तपासायचं पाणी टाकीत घ्यायचं, ते २६ अंशांच्या आसपास ठेवायचं, त्यात मासे सोडायचे. रोज अंडी मोजायची. २१ दिवसांनी नराच्या रक्ताचा थेंबापेक्षाही कमी अंश काढून तबकडीवरच्या खळग्यात घालायचा. बलकाचं प्रथिन असेल तर खळग्याला रंग चढतो. जितकं प्रथिन जास्त, तितका रंग गडद. रसायनं शोधणाऱ्या यंत्राला कोणतं रसायन शोधायचं ते आधी सांगावं लागतं. माशाला सांगावं लागत नाही. पाण्यातल्या साऱ्या नकली किल्ल्यांची बेरीज त्याचं यकृतच करून देतं!

बीड शहराचं सांडपाणी बिंदुसरेत उतरतं, बिंदुसरा सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे. तिथलीच रोहू आपल्या ताटात येते. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी ही २१ दिवसांची चाचणी हाती घ्यावी. पाण्याचा पहिला नमुना बीडच्या पुलाखालीच मिळेल.