पुढे काय होणार हे ठाऊक असलेला प्रेक्षक

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापुरासारख्या गावी अखंड हरिनाम सप्ताहाची सांगता जेव्हा काल्याच्या कीर्तनाने होते, तेव्हा यमुनेच्या डोहात उडी घेतलेला कृष्ण वर येईल की नाही, याविषयी मंडपातल्या आबालवृद्धांपैकी एकाच्याही मनात शंका नसते. आणि तरीही बुवा तो प्रसंग रंगवू लागले म्हणजे टाळकरी पुढे सरसावतात, म्हाताऱ्या पदराचा बोळा तोंडाशी धरतात, आणि कालियाच्या फणेवर बाळकृष्णाचे पाऊल पडताक्षणी सबंध मंडप विठ्ठलनामाच्या गजराने दणाणून जातो. शहरातल्या सुशिक्षिताने ह्या श्रोत्याला भोळा ठरवून कधीच निकालात काढले आहे. परंतु ज्या दिवशी, म्हणजे २६ एप्रिल २०१९ रोजी, ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ हा अमेरिकन चित्रपट भारतात प्रदर्शित झाला आणि मुंबईसारख्या शहरांत काही चित्रपटगृहांना मध्यरात्री व पहाटेसुद्धा खेळ लावावे लागले, त्या दिवशी तोच सुशिक्षित, त्याच्या मुलाबाळांसह, अंधारात उभा राहून कंठ फुटेपर्यंत ओरडत होता, ही गोष्ट त्याच्या ध्यानी आली असेल असे वाटत नाही.

ज्यांनी ह्या मालिकेतले काहीच पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. मार्व्हल ह्या चित्रसंस्थेने २००८ साली ‘आयर्न मॅन’पासून जी चित्रपटमालिका आरंभिली, तिचा ‘एंडगेम’ हा बाविसावा चित्रपट. त्याची लांबी तीन तास एक मिनिट. प्रत्येक चित्रपटाचा नायक निराळा, कथा वरकरणी स्वतंत्र, पण सर्वांचे दप्तर एकच. एकात पेरलेले दुसऱ्यात उगवावे आणि तिसऱ्यात कापणीला यावे, अशी तजवीज. २०१५ सालच्या एका भागात देव थॉरचा हातोडा उचलून पाहण्याची पैज लागते. जो लायक असेल त्यालाच तो उचलता येईल अशी त्या हातोड्याची अट असते आणि एकामागून एक सारे वीर हरतात. केवळ कॅप्टन अमेरिकाच्या हातून तो तसूभर हलतो, आणि थॉरच्या चेहऱ्यावरचे हसू क्षणभर मावळते. त्यानंतर चार वर्षांनी, ‘एंडगेम’च्या अखेरच्या रणात, तो हातोडा त्याच माणसाच्या मुठीत येतो. नवख्याला त्यात एका माणसाने हातोडा उचलला ह्यापलीकडे काहीही दिसत नाही. परंतु ज्याने तो तसूभर हललेला पाहिला होता, त्याच्या लेखी चार वर्षे प्रलंबित पडलेल्या दाव्याचा तो निकाल असतो. त्या क्षणी जगभरच्या चित्रपटगृहांत जो कल्लोळ उठला, त्याची चित्रणे पुढे पुष्कळांनी पाहिली. ह्याहून सूक्ष्म गोष्ट सर्वांत शेवटी आहे. मार्व्हलच्या चित्रपटांत श्रेयनामावलीनंतर पुढल्या भागाची चुणूक दाखविण्याची वहिवाट असल्यामुळे प्रेक्षक जागचा हलत नाही. ‘एंडगेम’मध्ये मात्र तेथे दृश्य नाही, अंधारात लोखंडावर घणाचे ठोके तेवढे ऐकू येतात. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या चित्रपटात, गुहेत कोंडलेल्या नायकाने आपले पहिले चिलखत ठोकून काढताना झालेला तो आवाज आहे. ज्याला तो ओळखता आला त्याच्या अंगावर काटा आला. ज्याला आला नाही तो गाडी काढायला गेला.

तेव्हा अशा चित्रपटाला मिळणारी दाद मुख्यतः ओळखीची दाद असते, आश्चर्याची नव्हे. आणि हे जर मान्य केले, तर ह्या विषयात मराठी मुलखाला अमेरिकेकडून शिकण्यासारखे फारसे काही उरत नाही. आपल्याकडे चित्रपटाचा जन्मच मुळी अशा ओळखीतून झाला. १९१०च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहत बसलेल्या दादासाहेब फाळक्यांना पडद्यावर येशू दिसत असता मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण दिसू लागले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्या चित्रपटाचा आद्य निर्माता हा प्रथम एक प्रेक्षक होता, आणि तोही परक्या कथेत आपली कथा ओळखणारा. १९१७ साली त्यांचा ‘लंकादहन’ पडद्यावर आला, तेव्हा राम दिसताच लोक पायांतली पादत्राणे काढून ठेवीत, ही हकीकत आता सर्वतोमुखी झाली आहे. तिच्यातला खरा चमत्कार असा की त्या चित्रपटात राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके ह्या एकाच नटाने केल्या होत्या. दोन वर्षांनी आलेल्या ‘कालियामर्दना’त तर फाळक्यांनी आपली लहानगी कन्या मंदाकिनी हिचा चेहरा, तिच्या नानाविध भावमुद्रांसह, आरंभीच दाखविला, आणि मग प्रेक्षकांच्या देखत त्या मुलीचा कृष्ण केला. कपट काहीच नव्हते. ही मुलगी आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक, हा कृष्ण आहे हेही ठाऊक, आणि ह्या दोन ज्ञानांचा परस्परांशी तंटा नाही! एवढी प्रगल्भता अंगी असलेल्या माणसाला भोळा म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

पुढे तंबूतला सिनेमा जत्रेजत्रेतून फिरू लागला आणि ही दृष्टी गावोगाव पोचली. अमित मधेशिया ह्या छायाचित्रकाराने महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजमध्ये पडद्याकडे पाठ करून केवळ प्रेक्षकांची तोंडे टिपली, आणि त्या छायाचित्रांना २०११ साली वर्ल्ड प्रेस फोटोचा सन्मान मिळाला. पडद्यावरून परतलेल्या प्रकाशात उजळलेले ते चेहरे आहेत. घोंगडीत गुरफटलेली पोरे, आ वासलेली तोंडे, गालाला हात लावून बसलेला एखादा बाप्या. पडद्यावर काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि त्याने काही अडतही नाही.

मराठीत आज सुपरहिरोंच्या मालिकेशी सर्वांत निकट असे काही असेल, तर ते दिग्पाल लांजेकर ह्यांचे शिवकालीन चित्रपट होत. शिवछत्रपतींना ह्या पंक्तीत बसविणे काहींना रुचणार नाही, आणि ती अरुची रास्त आहे, कारण ते इतिहासपुरुष आहेत. परंतु येथे विचार प्रेक्षकाचा चालला आहे. १९५२च्या भालजी पेंढारकरांच्या ‘छत्रपती शिवाजी’मुळे एका पिढीच्या मनात महाराज म्हणजे चंद्रकांत मांडरे असे समीकरण बसले होते, लांजेकरांच्या ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३) ह्या चित्रपटांतून चिन्मय मांडलेकर ह्यांनी ती जागा घेतली. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत काय घडले, हे चौथीच्या इतिहासाचे पुस्तक वाचलेल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. तरीही ‘पावनखिंड’ पाहताना बाजीप्रभूंच्या अंगावर जखमांमागून जखमा होऊ लागल्या की प्रेक्षागृह विशाळगडावरच्या तोफेकडे कान लावून बसे, आणि तोफ झाली की घोषणा उठत. अजय पूरकर हे बाजीप्रभू म्हणून त्या खिंडीत देह ठेवतात आणि पुढल्याच वर्षी ‘सुभेदार’मध्ये तानाजी म्हणून कोंढाण्यावर चढतात, ह्यात कोणालाही विसंगती वाटली नाही. मार्व्हलच्या प्रेक्षकाला आयर्न मॅन टोनी स्टार्कच्या भूमिकेत दुसरा नट सहजी खपणार नाही, आणि ती भूमिका केलेला रॉबर्ट डाऊनी दुसऱ्या मुखवट्याने परत येणार म्हटले की चर्चेला ऊत येतो. आपल्या प्रेक्षकाने ते साळुंक्यांच्या काळीच पचविले आहे.

पण ह्या ओळखीला एक विषारी बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. आपल्या साहित्यशास्त्राने वीररसाचा स्थायीभाव उत्साह हा सांगितला. क्रोध हा रौद्राचा. प्रेक्षकाला कथा आपली वाटते तोवर उत्साह असतो. ती आपल्या मालकीची वाटू लागली की क्रोध सुरू होतो. २०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा हिंदी चित्रपट लागला, तेव्हा संभाजीराजांचे हाल पाहून माणसे हुंदके देत बाहेर पडली, हे समजण्याजोगे होते. परंतु गुजरातेत भरुच येथे एका प्रेक्षकाने चक्क पडदाच फाडल्याची बातमी आली, तेव्हा रसाची मर्यादा कोठे संपली हे निराळे सांगावे लागले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, आपल्या मुलाच्या नावावरून समाजमाध्यमांवर झालेल्या हेटाळणीनंतर मांडलेकर ह्यांनी महाराजांची भूमिका यापुढे करणार नाही असे जाहीर केले. ज्या प्रेक्षकाने पडद्यावरच्या मुलीत कृष्ण आणि कृष्णात मुलगी एकाच वेळी पाहिली, त्याच्याच पणतवंडांना नट आणि भूमिका ह्यांतला भेद राखता येऊ नये, ही मला तरी अधोगती वाटते.

अमेरिकन मालिकेला निराळाच रोग जडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला ‘द मार्व्हल्स’ हा त्या मालिकेतला तेहतिसावा चित्रपट. तो नीट कळण्यासाठी आधीचे चित्रपटच नव्हे, तर घरबसल्या पाहावयाच्या दोन-तीन दीर्घ मालिकाही पाहून झालेल्या असाव्यात, अशी जणू पूर्वअट होती. प्रेक्षकाने पाठ फिरविली, आणि त्या सबंध मालिकेत सर्वांत कमी उत्पन्नाचा चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. त्याच्या अपयशाला इतरही कारणे असतील. पण ओळख हा आनंद असतो तोवरच लोक ती जपतात, तिचा गृहपाठ झाला की सोडून देतात, एवढे त्यातून निश्चित दिसते. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी परगावाहून आलेला पाहुणा मंडपात शिरला, तर बुवा त्याला मागचे तीन दिवस ऐकले आहेत का म्हणून विचारीत नाहीत. आख्यानाचा मागचा धागा दोन वाक्यांत उचलून त्यालाही आत घेतात. कोट्यवधी डॉलर खर्चणाऱ्यांना ही साधी युक्ती सुचू नये, ह्याचे नवल वाटते.

उमापूरच्या मुलापर्यंत हे सारे पोचते ते बहुधा मोबाइलवर, आणि हिंदीतून. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि थिएटर दूर असणे ही अडचण निम्मी सरली. ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कारखान्याच्या कोप्यांवर गेलेल्या पोरालाही आता आयर्न मॅन ठाऊक असू शकतो. पण ‘एंडगेम’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत आला, मराठीत नाही. १ जून २०२३ रोजी ‘स्पायडर-मॅन: अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ मात्र भारतात दहा भाषांत लागला आणि त्यांत मराठी होती. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा एक देशी स्पायडर-मॅनही आहे; २००४ साली चित्रकथेत जन्मलेला हा मुलगा मूळ मुंबईचा, चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन ह्यांच्या मिश्रणातून झालेल्या शहरात झोके घेणारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या चित्रपटाचा विषयच ‘ठरलेली कथा’ हा आहे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही मृत्यू घडलेच पाहिजेत, नाहीतर त्याचे विश्व कोलमडेल, असा तेथे नियम सांगितला जातो. आणि मायल्स नावाचा पोरगा पवित्रच्या शहरात मरावयाचा ठरलेला पोलीस अधिकारी वाचवून तो नियम मोडतो. कथेने ठरवून ठेवलेला मृत्यू टळावा की न टळावा, हा प्रश्न घोडखिंडीत तोफेकडे कान लावून बसलेल्या प्रेक्षकाला परका नाही. इतके झाल्यावर चित्रपट मध्येच थांबतो, पुढचे पुढच्या भागात असे सांगून. आणि अनेकांनी हा अन्याय आहे म्हणून तक्रार केली.

ज्यांच्या घरी अशा मालिकांत बुडालेली मुले आहेत, त्यांना एवढीच विनंती की पुढचा भाग लागेल तेव्हा त्यांना एकटे पाठवू नका. सोबत जा, वाटेत मागची सारी कथा त्यांच्याकडून मराठीत सांगून घ्या, आणि कोणत्या क्षणी ओरडावयाचे तेही आधीच विचारून ठेवा.