सामायिक आज्ञावली-भांडार आणि अखंड एकत्रीकरण

संशोधनासाठी लिहिलेली आज्ञावली आता क्वचितच एका व्यक्तीची असते. एक विद्यार्थी ती सुरू करतो, दुसरा तीत भर घालतो, आणि पहिला पदवी घेऊन गेल्यावर तिसरा तिच्याच आधारे आपल्या प्रबंधातील आकडे काढतो. तेव्हा पूर्वी मिळालेले आकडे आजही तेच येतात काय, हा प्रश्न उभा राहतो. ‘गिट’मुळे कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद राहते, परंतु तो बदल बरोबर आहे की नाही, हे त्या नोंदीवरून कळत नाही. ही उणीव भरून काढणाऱ्या पद्धतीस ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला अखंड एकत्रीकरण असे म्हटले आहे.

केंट बेक यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ने १९९०नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिचे सूत्र साधे आहे : प्रत्येकाने आपले काम लहान लहान बदलांच्या रूपाने वारंवार मुख्य भांडारात आणावे आणि प्रत्येक बदलाची परीक्षा यंत्राने आपोआप घ्यावी. वर्धा जिल्ह्यास ही कल्पना परकी वाटू नये. खादीच्या कामात सूत अनेक हातांचे असते आणि थान एकच. म्हणून गुंडी मागावर जाण्यापूर्वीच तिचा नंबर, समानता आणि कस पाहावा लागतो. थान विणून झाल्यावर दोष कोणाच्या सुतात होता हे शोधणे कठीण.

मराठी संहितांवर काम करणाऱ्यांस या परीक्षेची गरज किती आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर अशा तालुक्यांतून जमविलेल्या संहिता वेगवेगळ्या कळफलकांवर टंकित झाल्या आहेत. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षरचिन्ह, हलन्त आणि ‘य’, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकास मात्र ते भिन्न शब्द वाटतात. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरणही त्यांना एक करीत नाही. ते काम आपल्या आज्ञावलीनेच केले पाहिजे.

आता नव्या विद्यार्थ्याने संहिता ‘स्वच्छ’ करण्यासाठी सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकली, तर काय होईल? दुसऱ्या प्रकारे लिहिलेला ‘दऱ्या’ हा ‘दर्या’ होईल, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होईल! आज्ञावली थांबणार नाही, कोणतीही तक्रार करणार नाही. केवळ शब्दगणनेचे आकडे बदलतील आणि तेच प्रबंधात छापले जातील. यावर उपाय म्हणजे अपेक्षित उत्तर आधीच लिहून ठेवणे : ‘दऱ्या’ची दोन्ही लेखने एकरूप झाली पाहिजेत, आणि ‘दर्या’ त्यांच्यापासून वेगळा राहिला पाहिजे. या दोन कसोट्या भांडारात असत्या, तर वरील बदल तत्काळ अडला असता.

व्यवस्था उभारण्याचा क्रम असा. प्रथम, आज्ञावलीस लागणाऱ्या सर्व पूरक साधनांची यादी नेमक्या आवृत्तींसह भांडारात ठेवावी. दुसरे, सर्व कसोट्या एकाच आज्ञेने चालतील असे करावे. तिसरे, केव्हा आणि काय चालवावे हे सांगणारी फाईल भांडारातच घालावी. गिटहबवर ही सोय ‘ॲक्शन्स’ या नावाने मिळते. विभागाच्या स्वतःच्या सर्व्हरवर ‘जेन्किन्स’ वापरता येते. बदल येताच कोऱ्या यंत्रावर सर्व साधने नव्याने बसविली जावीत, कसोट्या चालाव्यात आणि हिरवी किंवा लाल खूण उमटावी. ‘माझ्या संगणकावर तर चालते’ ही सबब येथे संपते. शेवटी, हिरव्या खुणेवाचून मुख्य शाखेत काहीही मिळविता येणार नाही, असा निर्बंध घालावा. कसोट्या काही मिनिटांत संपाव्यात, एवढाच नमुना रोज वापरावा. संपूर्ण संग्रहावरील परीक्षा रात्री चालवावी. पासवर्ड आणि निवेदकांची खाजगी माहिती भांडारात ठेवू नये.

आज्ञावलीप्रमाणे भाषिक सामग्रीसही ही पद्धत लागू पडते. ‘युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात अनेक भाषांच्या वाक्यविश्लेषणांचे संग्रह आहेत. त्यांत मराठीचाही एक आहे. तेथे संग्रहात बदल दाखल होताच त्याची आपोआप तपासणी होते. अर्थात, रचना नियमांत बसली म्हणजे विश्लेषण योग्यच ठरले, असे नव्हे. तो निर्णय अभ्यासकाचाच.

यंत्र आपण लिहिलेलेच तपासते, ही या पद्धतीची मर्यादा होय. म्हणून दोन नियम पाळणे अगत्याचे आहे : सापडलेल्या प्रत्येक चुकीसाठी एक नवी कसोटी लिहावी, आणि लाल खूण दिसली की अन्य काम बाजूस ठेवून प्रथम ती दूर करावी. लाल खुणेकडे दुर्लक्ष करण्याची सवय एकदा जडली, की उत्तम व्यवस्थाही निरुपयोगी ठरते.