गिटला घाबरणाऱ्या लेखकांसाठी

टेक्निकल रायटर म्हणून रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, “डॉक्युमेंटेशन गिट रिपॉझिटरीत आहे, क्लोन करून घ्या.” भाषेवर उत्तम पकड असलेली माणसंही या एका वाक्याने गांगरतात. ही भीती ज्या समजुतींतून येते, त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

सगळ्यात जुनी समजूत म्हणजे प्रोग्रामिंग येत नसेल तर इथे आपलं काम नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट लिहिलं ते लिनक्स कर्नलचा कोड सांभाळायला, हे खरं. पण फाइलमध्ये सी भाषा आहे की मराठी परिच्छेद, याच्याशी गिटला देणंघेणं नाही. रोजच्या लेखनाला क्लोन, पुल, ब्रांच, ॲड, कमिट, पुश एवढ्या आज्ञा पुरतात. मजकुराची मांडणी साध्या खुणांनी करणारं मार्कडाउन तर त्याहून सोपं, एका दुपारी हात बसतो.

“चुकीची आज्ञा दिली तर सगळं उडेल,” हे मी वारंवार ऐकतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. एकदा कमिट केलेला मजकूर गिट सहजी हरवू देत नाही. ब्रांच चुकून पुसली तरी रिफ्लॉगमधून, म्हणजे गिटच्या नोंदवहीतून, तो परत मिळवता येतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा नोंदी निदान 30 दिवस राहतात. धोका असतो तो कमिट न केलेल्या मजकुराला. म्हणून कमिट लहान आणि वरचेवर करावेत.

गिटला देवनागरी कळत नाही, असंही काहींना वाटतं. कारण साधं आहे: फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर गिट स्टेटसमध्ये अक्षरांऐवजी तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. फाइल शाबूत असते, फक्त नाव तसं दाखवलं जातं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की नाव नीट वाचता येतं.

मजकुराच्या फाइलींना डिफचा, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या सोयीचा, उपयोग नाही, हा समज मात्र अर्धा खरा आहे. डिफ ओळीगणिक तुलना करतं. अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर एक स्वल्पविराम हलवला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो आणि तपासणारा वैतागतो. उपाय लेखकाच्याच हातात आहे. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहायचं. मार्कडाउन त्या ओळी जोडून एकच परिच्छेद छापतं, वाचकाला फरक दिसत नाही. ब्रायन कर्निघन यांनी युनिक्स शिकणाऱ्यांना हा सल्ला 1970च्या दशकातच दिला होता. या सवयीचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: लांबलेलं वाक्य डोळ्यांत भरतं.

शेवटचा गैरसमज सर्वांत महाग पडतो: डेव्हलपरला विचारून लिहिलं की झालं, टर्मिनल कशाला उघडायचं? डेव्हलपरच्या संगणकावर लागणारी पॅकेजेस वर्षानुवर्षं बसवलेली असतात, त्यामुळे सांगताना एखादी पायरी त्याच्याकडून नकळत सुटते. तो खोटं बोलत नसतो, त्याला ती दिसतच नसते. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर आपल्याच सूचना ओळीने चालवून पाहणाऱ्या लेखकाला ती चौथ्या-पाचव्या आज्ञेलाच सापडते, आणि ग्राहकाच्या आधी सापडते.