सुकाणूचक्रावरील ऑटोपायलट

सुकाणूचक्रावरील ऑटोपायलट हे लहान शिडाच्या होडीचे सुकाणूचक्र विजेच्या मोटरने फिरवून होडी ठरलेल्या दिशेवर राखणारे उपकरण आहे. होडीच्या मागील बैठकीच्या जागेत उभ्या असलेल्या सुकाणूस्तंभावर चक्र बसवलेले असते. त्या चक्रालाच हे यंत्र जोडले जाते, त्यामुळे होडीच्या पोटातील यंत्रणेत फेरफार करावा लागत नाही. साधारणतः ७ ते ८ टनांपर्यंतच्या होड्यांसाठी ते योग्य समजले जाते. मराठीत नेत्याला वापरला जाणारा ‘कर्णधार’ हा शब्द मुळात सुकाणू धरणाऱ्याचाच आहे. संस्कृतात ‘कर्ण’ याचा एक अर्थ सुकाणू असा होतो. ऑटोपायलट त्या माणसाचा हात मोकळा करतो, त्याचे डोळे मात्र नाही.

पार्श्वभूमी

एकट्याने दूरचा प्रवास करणाऱ्या नाविकापुढे झोपेच्या वेळी सुकाणू कोणी धरायचे, हा प्रश्न नेहमीच होता. जोशुआ स्लोकम यांनी १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा शिडांचा तोल साधून आणि चक्र दोरीने बांधून त्यांनी होडी दिशेवर ठेवली. मोठ्या जहाजांवर स्वयंचलित सुकाणू १९२० च्या दशकात आले. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये मांडलेले सुकाणू-नियंत्रणाचे गणित आजही अशा उपकरणांच्या मुळाशी आहे. लहान होड्यांवर प्रथम रुळले ते वाऱ्यावर चालणारे स्वयंसुकाणू. १९६० च्या पहिल्या एकल अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅसलर आणि फ्रान्सिस चिचेस्टर यांनी ते वापरले. विजेवर चालणारी छोटी, परवडणारी यंत्रे १९७० च्या दशकात बाजारात आली.

रचना

उपकरणाचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे चक्राच्या आऱ्यांना पकडींनी घट्ट बसवलेले कडे; त्याच्या कवचात मोटर आणि दातेरी पट्टा असतो. दुसरा दिशा मोजणारा संवेदक, म्हणजे विद्युत होकायंत्र. तिसरा नियंत्रक, जो ठरलेली व प्रत्यक्ष दिशा यांतील फरक पाहून मोटरला आज्ञा देतो. कड्यावरील क्लचचा खटका ओढला की चक्र मोटरशी जोडले जाते आणि सोडला की हाताने फिरवता येते.

नियंत्रक केवळ फरकाच्या प्रमाणात सुकाणू वळवत नाही. तसे केल्यास होडी दिशा ओलांडून पुढे जाईल आणि नागमोडी चालत राहील. म्हणून होडी किती वेगाने वळते आहे हे पाहून तो आधीच उलट सुकाणू देतो. फरक बराच वेळ एकाच बाजूला टिकून राहिला, तर सुकाणूची कायमची थोडी सवलतही तो ठरवतो.

सुकाणूस्तंभावर बसवणे

बसवण्याआधी चक्र दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवून पाहिले जाते. स्तंभाच्या आत साखळी असते, तिला जोडलेल्या तारा कप्प्यांवरून सुकाणूच्या अक्षावरील चकतीपर्यंत जातात. कप्पे गंजलेले किंवा तार फार ताणलेली असेल, तर चक्र जड जाते. ते जडत्व मोटरला दिवसरात्र सोसावे लागते. यंत्राविषयीच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ यंत्राऐवजी या कप्प्यांत सापडते.

कडे आणि चक्र यांचे केंद्र तंतोतंत जुळावे लागते. ते किंचितही सरकलेले असेल, तर प्रत्येक फेरीत चक्र एका ठिकाणी अडखळते आणि पट्टा लवकर झिजतो. आऱ्यांची जाडी वेगवेगळी असल्याने पकडींत योग्य मापाचे अस्तर घालतात. स्तंभावरच इंजिनाच्या वेगाचा दांडा किंवा होकायंत्राचा कठडा असेल, तर चक्र फिरताना कडे त्यांना घासत नाही ना, हेही पाहावे लागते.

जोडणीत सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे प्रतिक्रिया-खुंटी. मोटर चक्राला जितका पीळ देते, तितकाच उलटा पीळ तिच्या स्वतःच्या कवचाला बसतो. कवच कशाला तरी अडवलेले नसेल, तर चक्र स्थिर राहून कवचच गरगर फिरेल. यासाठी स्तंभावर, किंवा ते जमत नसेल तर पायाखालच्या फळीवर, एक खुंटी बसवतात आणि ती कवचाच्या खाचेत अडकते. खुंटीला खाचेत थोडी मोकळीक हवी, अन्यथा चक्राचा बारीकसा डोलही बेअरिंगवर ताण आणतो. पण ती फार सैल असेल तर प्रत्येक दिशाबदलाला ठोका बसून भोक मोठे होत जाते.

स्तंभाला भोक पाडताना आतील साखळी आणि तारा वाचवण्यासाठी ड्रिलच्या पात्याला खोलीची मर्यादा बांधून घेतात. स्तंभ बहुधा ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू स्टेनलेस पोलादाचे असतात. खाऱ्या पाण्याच्या संपर्कात या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते व ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून स्क्रूंना विद्युतरोधक लेप लावतात. खुंटी फळीवर बसवायची असल्यास फायबरच्या दोन थरांमधील हलक्या लाकडात पाणी शिरू नये, यासाठी भोक आधी मोठे पाडून इपॉक्सीने भरतात आणि मग त्यात नेमक्या मापाचे भोक घेतात.

संवेदक होडीच्या मध्याजवळ, शक्य तितका खाली, इंजिन, ध्वनिक्षेपक, बॅटरीच्या जाड तारा आणि लोखंडी वस्तूंपासून दूर बसवला जातो. त्यानंतर शांत पाण्यात होडी मंद गतीने पूर्ण वर्तुळात फिरवून होडीवरील धातूंमुळे येणारी त्रुटी यंत्राला शिकवली जाते. स्तंभावर चुंबकीय होकायंत्र असेल, तर मोटर चालू असताना त्याची सुई किती हलते तेही तपासले पाहिजे.

वीज सहसा १२ व्होल्टची असते आणि तिचा मार्ग स्वतंत्र फ्यूजमधून नेतात. सरासरी २ अँपिअर खर्च धरला तरी २४ तासांत ४८ अँपिअर-तास लागतात. लहान होडीच्या बॅटरीसाठी हा भार मोठा आहे. शिडे तोलात असतील तर खर्च घटतो. वारा वाढल्यावर मोठे शीड वेळेवर कमी केले नाही, तर होडीची नाळ सतत वाऱ्याकडे वळू पाहते आणि मोटर तिच्याशी झुंजत बसते.

मर्यादा

मागून येणाऱ्या उंच लाटांत होडी झपाट्याने वळते आणि मोटर तिथे मागे पडते. कुशल माणूस लाट येताना पाहून आधीच चक्र फिरवतो. यंत्राला मात्र होडी वळू लागल्यावरच कळते. नाशिकजवळच्या गंगापूर धरणासारख्या जलाशयात लहान होडीचे सुकाणू दांड्याने हाताळले जाते आणि दिशा वारंवार बदलावी लागते, त्यामुळे तेथे या यंत्राला फारसे काम नाही. मुंबई ते गोवा यांसारख्या किनारी प्रवासात ते खरे उपयोगी पडते. पण कोकण किनाऱ्यावर रात्री मासेमारीच्या होड्या आणि जाळ्यांचे तरंगते बोये असतात व यंत्राला ते दिसत नाहीत. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक नौकेवर सदैव योग्य टेहळणी बंधनकारक आहे आणि ऑटोपायलटमुळे तीत सूट मिळत नाही. त्याहून गंभीर धोका एकट्या नाविकाचा. तो पाण्यात पडला, तर आज्ञाधारक यंत्र होडीला ठरल्या दिशेने पुढे नेत राहते. म्हणून ऑटोपायलट चालू असताना सुरक्षा-पट्टा होडीला अडकवलेला ठेवतात.

भारतीय अनुभव

भारतीय नौदलाच्या कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या होडीतून निघून मे २०१० मध्ये एकल पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातील कारखान्यात बांधलेली ही होडी ५६ फूट लांब आणि सुमारे २३ टन वजनाची आहे. एवढ्या भाराला चक्रावरचे कडे पुरत नाही. अशा होड्यांत पोटातून थेट सुकाणूच्या अक्षाला जोडलेली बळकट यंत्रणा वापरतात.

तथापि मोटर कितीही बळकट असली तरी पुढची साखळी, तारा आणि पाते शाबूत असावे लागते. सहा महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणेवर निघालेल्या ‘तारिणी’ला एप्रिल २०१८ मध्ये सुकाणूयंत्रणेतील बिघाडामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात अनियोजित थांबा घ्यावा लागला. दुरुस्तीनंतर ती २१ मे २०१८ रोजी गोव्यात पोहोचली. लांबच्या प्रवासाच्या होड्यांवर यासाठीच आणीबाणीचा दांडा ठेवलेला असतो. ऑटोपायलट बसवताना या दांड्याची जागा अडू न देण्याची खबरदारी घ्यावी लागते.

विजेवरील सुकाणू सर्वत्र मान्य नाही. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते निषिद्ध होते आणि वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंसुकाणूलाच परवानगी होती. त्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ उतरली होती. गोव्यात बांधलेली ही होडी ‘सुहैली’ या ३२ फुटी होडीची प्रतिकृती होती. मूळ ‘सुहैली’ १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत जगातील पहिली एकल, न थांबता केलेली प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांचे वाऱ्यावरील स्वयंसुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपासच निकामी झाले होते. उरलेले अर्धे जग त्यांनी शिडांचा तोल साधून आणि सुकाणू बांधून पार केले.